रात्री निळं, सकाळी लाल

[दृश्य: अंधार. फक्त लाटांचा आवाज. लाट फुटते आणि तिची कड निळी होते.]

2020 चा एप्रिल महिना. दक्षिण कॅलिफोर्नियाचा किनारा. लाट उठते तोवर पाणी काळंच असतं. ती फुटली की निळा उजेड तिच्या कडेकडेने धावत जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि लगेच विझतो. ओल्या वाळूवर पाऊल टाकावं, तर पावलाभोवती ठिणग्या उमटतात. डॉल्फिन पोहत गेले, तर पाण्याखाली त्यांची अख्खी आकृती उजळून निघते.

[दृश्य: तोच किनारा, सकाळ. विटकरी पाणी.]

आता तीच जागा सकाळी पाहा. पाणी विटकरी, गढूळ. वास असा की नाकाला रुमाल लावावा. त्या वसंतात इथल्या काही खाड्यांमध्ये आणि बंदरांच्या बंदिस्त कोपऱ्यांमध्ये मासे मरून वर आले. निळी लाट आणि हे मेलेले मासे, दोन्हींच्या मागे जीव एकच. लिंग्युलोडिनियम पॉलिएड्रा.

रात्रीच्या चित्रफिती जगभर फिरल्या. सकाळची दृश्यं फारशी कुणी पाहिली नाहीत. या दोन दृश्यांच्या मध्ये काय घडतं, ते आज पाहू.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली एकच पेशी, चिलखत घातल्यासारखी.]

हा एकपेशीय जीव आहे, मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाएवढा. प्राणी म्हणावं तर वनस्पतीसारखा उन्हावर जगतो, वनस्पती म्हणावं तर चाबकासारखे दोन धागे हलवत पोहतो. या गटाला डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. समुद्राच्या पृष्ठभागावर रात्री दिसणारा बहुतेक निळा उजेड याच गटाचा.

उजेड पडतो कसा? पेशीच्या पोटात आम्लाने भरलेली एक मोठी पिशवी असते आणि त्या पिशवीच्या पडद्याला लगटून बारीक बारीक कुप्या. कुप्यांमध्ये ल्युसिफेरिन हे रसायन असतं आणि ते पेटवणारं ल्युसिफरेज हे विकरही. पण एरवी दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पाण्याचा झोत लागून पेशी जराशी दबली की पिशवीच्या पडद्यावरून विजेची एक लहर जाते, आम्लाचे कण कुप्यांमध्ये शिरतात, ल्युसिफेरिन मोकळं होतं, ल्युसिफरेज जागं होतं आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन निळा प्रकाश बाहेर पडतो. हे सगळं साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतं. पाण्यात सगळ्यात लांबवर जाणारा प्रकाश निळाच, म्हणून रंगही तोच.

याहून मला थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. लिंग्युलोडिनियम हा सगळा दिवा रोज पहाटे मोडून टाकतो आणि संध्याकाळी नव्याने बांधतो. 1950 च्या दशकात वुडलँड हेस्टिंग्ज आणि बीट्रिस स्वीनी या शास्त्रज्ञांनी या पेशी प्रयोगशाळेत सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवल्या. बाहेर रात्र आहे की दिवस, हे कळायला पेशींना मार्गच नव्हता. तरीही चमक रात्रीच्या वेळी वाढत राहिली आणि दिवसा उतरत राहिली. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, पण घड्याळ आहे.

[दृश्य: काचेच्या भांड्यात एक कोपेपॉड झेप घेतो. निळी ठिणगी.]

आणि दिवा कशासाठी? या पेशी खाणारे कोळंबीसारखे चिमुकले प्राणी असतात, कोपेपॉड नावाचे. कोपेपॉडने पेशीला धरलं की ती चमकते आणि तो दचकून मागे सरतो. शिवाय अंधारात ती ठिणगी माशांना कोपेपॉड कुठे आहे ते दाखवते, आणि खाणाराच खाल्ला जातो. चोर घरात शिरल्यावर ओरडून शेजाऱ्यांना उठवावं, तसंच हे. आपण किनाऱ्यावर ज्याला सोहळा म्हणतो, ती पाण्यातली आरडाओरड असते.

[दृश्य: आकाशातून समुद्र. पाण्यावर लांबलचक रंगीत पट्टे.]

लिटरभर पाण्यात या पेशी थोड्या असतील तर कुणाचं काही बिघडत नाही. पण शांत, उबदार पाणी असावं, खालून वर आलेली किंवा शेतांतून आणि गटारांतून वाहून आलेली नायट्रोजन-फॉस्फरसची खतं असावीत, वारा-प्रवाहांनी सगळं एका जागी लोटलेलं असावं, की लिटरमागे लाखो पेशी होतात. हा बहर. दिवसा पाण्याला त्यांचा रंग चढतो. इंग्रजी नावावरून याला रेड टाइड म्हणायची रीत पडली आहे, पण भरतीशी याचा संबंध नाही आणि रंगही दरवेळी लाल नसतो.

बहर कितीही देखणा असला तरी त्याला श्वास घ्यावाच लागतो. रात्री उन्हाअभावी पेशी ऑक्सिजन तयार करत नाहीत, फक्त वापरतात. मग त्या मरायला लागतात, जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि पाण्यात उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. मोकळ्या समुद्रातला मासा दूर पळू शकतो. खाडीच्या टोकाशी अडकलेला किंवा पिंजऱ्यात पाळलेला मासा कुठे जाणार?

[दृश्य: काचेवर समुद्राच्या पाण्याचा एक थेंब. त्यात साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे.]

हा दुसरा जीव नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नॉक्टिल्यूका सिंटिलान्स. बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी दोन मिलिमीटरपर्यंतही. पाणी भरलेला फुगा आणि त्याला एक सोंड. ही सोंड हळूहळू वळते, वाटेत येईल ते चिकटवून घेते आणि तोंडाशी नेते. इतर पेशी, अंडी, घाण, काहीही. नॉक्टिल्यूका विष तयार करत नाही. पण तरंगत राहण्यासाठी तो पोटात अमोनिया साठवतो, आणि बहर मेला की तो अमोनिया पाण्यात उतरतो. बंदिस्त जागेतल्या माशांना ते सोसत नाही. अशा पाण्यात उतरणाऱ्या काही माणसांच्या कातडीची आणि डोळ्यांचीही आग होते.

अरबी समुद्रात नॉक्टिल्यूकाचा हिरवा प्रकार आढळतो. त्याच्या पोटात हजारो हिरव्या शैवालपेशी राहतात आणि उन्हावर अन्न बनवून यजमानाला देतात. हिवाळ्यात या समुद्रात पूर्वी डायटम या सूक्ष्म वनस्पतींचं राज्य असायचं. या शतकाच्या सुरुवातीपासून ती जागा हिरव्या नॉक्टिल्यूकाने बळकावलेली दिसते. खालून वर येणारं कमी ऑक्सिजनचं पाणी त्याला मानवतं, असं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. डायटमवर बारीक प्राणी जगतात आणि त्यांच्यावर मासे. नॉक्टिल्यूकाला खातात ते मुख्यतः साल्प, म्हणजे पाण्यात तरंगणारे पारदर्शक, लिबलिबीत प्राणी, आणि जेलीफिश. म्हणजे चमकणारं पाणी वाढतं, तसं जाळ्यात यायचं ते कमी होण्याची भीती वाढते. विषाचा थेंबही न सोडता होणारं हे नुकसान मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. त्याची बातमी होत नाही.

[दृश्य: खारफुटीने वेढलेली खाडी. रात्र. वल्ह्यामागे निळी रेघ.]

आता विषाबद्दल. पायरोडिनियम बहामेन्से, नावाचा अर्थच आगीचा भोवरा. प्वेर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावर मॉस्किटो बे नावाची खाडी याच जीवामुळे जगप्रसिद्ध झाली. पण पॅसिफिकच्या बाजूला याच जातीची माणसं मारणारी म्हणून ओळख आहे. 1987 साली ग्वाटेमालाच्या चँपेरिको परिसरात शिंपल्यांचं सार प्यायलेली 187 माणसं आजारी पडली, त्यातली 26 दगावली. लहान मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण मोठ्यांपेक्षा फार जास्त होतं.

[दृश्य: पाण्याखाली उघडमीट करणारा शिंपला, जवळून.]

शिंपला तासाला लिटर-लिटर पाणी गाळतो आणि गाळलेलं खातो. पायरोडिनियमच्या पेशींमधलं सॅक्सिटॉक्सिन त्याच्या मांसात साठत जातं. त्याला स्वतःला फारसं काही होत नाही. मांसाचा रंग, वास, चव, काहीच बदलत नाही. उकळून, तळून, भाजून हे विष जात नाही. खाणाऱ्याचे ओठ आधी झिणझिणतात, मग बोटं बधिर होतात, अंग तरंगल्यासारखं वाटतं. मज्जातंतूंमधून सोडियमचे कण आत जाण्याच्या वाटा या विषाने बुजतात, स्नायूंपर्यंत निरोप पोहोचत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. कृत्रिम श्वासावर वेळेत ठेवलं, तर शरीर एक-दोन दिवसांत विष बाहेर टाकतं आणि माणूस वाचतो. म्हणून शिंपले खाल्ल्यावर ओठ झिणझिणले, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

अटलांटिकच्या बाजूचा पायरोडिनियम मात्र निर्धोक, असं शास्त्रज्ञही मानत होते. फ्लोरिडाची इंडियन रिव्हर लगून, म्हणजे समुद्रालगतचं उथळ खाजण, ही लोक रात्री होड्या घेऊन उजेड पाहायला जातात अशी जागा. 2002 ते 2004 या काळात तिथला पफर, म्हणजे अंग फुगवणारा मासा, खाऊन 28 जणांना विषबाधा झाली. पफर म्हटल्यावर त्याच्या ठरलेल्या विषाकडे, टेट्रोडोटॉक्सिनकडे, बोट जावं हे साहजिक होतं. तपासात निघालं सॅक्सिटॉक्सिन. आणि ते बनवणारा होता लगूनमधला तोच चमकणारा जीव. त्या भागात पफर पकडण्यावर बंदी आली.

[दृश्य: होडीच्या काठावरून पाण्यात सोडलेली नमुन्याची बाटली.]

म्हणून उजेड पाहून पाणी विषारी आहे की नाही, हे ओळखता येत नाही. नॉक्टिल्यूका चमकतो, पण त्यात विष नाही. फ्लोरिडाच्या आखातात मासे मारणारा, किनाऱ्यावर माणसांना खोकत ठेवणारा कॅरेनिया ब्रेव्हिस विषारी आहे, पण चमकत नाही. पायरोडिनियममध्ये दोन्ही. उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, पण खात्री होते ती पाण्याच्या बाटलीतून आणि शिंपल्याच्या मांसाच्या चाचणीतून. किलोभर मांसात 800 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सॅक्सिटॉक्सिन आढळलं, तर अनेक देश तिथले शिंपले काढणं बंद करतात. अशी बंदी लागली, की ती बाजारातल्या माणसाला अडचणीची वाटते, पण तिच्यामुळे जीव वाचतात.

[दृश्य: ओहोटीची वाळू. रात्र. पाणी पूर्ण काळं.]

बहर काही आठवड्यांत ओसरतो. उरलेल्या पेशींपैकी कित्येक कवच घेऊन तळाच्या चिखलात जातात आणि वर्षानुवर्षं तिथे राहू शकतात. लाटा पुन्हा नेहमीसारख्या. सॅक्सिटॉक्सिनला ज्याच्यावरून नाव मिळालं, तो उत्तर पॅसिफिकचा शिंपला सॅक्सिडोमस, म्हणजे बटर क्लॅम, हे विष दोन-दोन वर्षं अंगात धरून ठेवतो. पाणी नितळ असतं, रात्री एकही ठिणगी दिसत नाही, आणि वाळूत रुतलेल्या त्या शिंपल्यात विष अजून शिल्लक असतं.