तलावावर उभी मशीद

महात्मा फुले मंडईकडून शेख मेमन मार्गाने झवेरी बाजाराकडे निघाले, की कापडाच्या आणि सोन्याचांदीच्या दुकानांच्या गर्दीत मुंबईची जुम्मा मशीद लागते. विटा आणि दगडांची ही चौकोनी वास्तू गच्चीच्या दुमजली इमारतींनी चहूबाजूंनी वेढलेली असल्यामुळे रस्त्यावरून तिचा पुरता अंदाज येत नाही. पूर्वेच्या मुख्य दरवाजातून चौक ओलांडला, की समोर दिसतो तो तलाव, आणि या मशिदीची हकीकत त्या तलावापासूनच सांगावी लागते.

अठराव्या शतकात येथे एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची बाग होती. मशिदीसाठी जागा द्यायला तो तयार झाला, पण बागेतला तलाव जसाच्या तसा राखला पाहिजे, अशी अट त्याने घातली. तलाव बुजवून पाया भरणे सोपे होते. बांधणाऱ्यांनी मात्र अट पाळली आणि मशीद पाण्यावरच उभी केली. १७७५ मध्ये सुरू झालेले काम रेंगाळत १८०२ मध्ये पुरे झाले.

तलावातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर आल्या आहेत आणि साऱ्या इमारतीचा भार त्यांनी पेलला आहे. वरचा मजला लाकडी खांबांच्या पाच रांगांवर तोललेला असून, प्रत्येक खांबात धर्मग्रंथ ठेवण्याची सोय केलेली आहे. खाली तळाच्या झऱ्यांचे पाणी तलावात येत राहते, त्यात मासे फिरतात आणि नमाजाला आलेली माणसे काठाशी बसून वुजू, म्हणजे नमाजापूर्वीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी, करतात.

बांधकाम पूर्ण झाल्याचे वर्ष ‘जहाज-ए-आखिरत’, म्हणजे परलोकीचे जहाज, या शब्दांत गुंफलेले आहे. अरबी अक्षरांना अंकमूल्ये असतात. त्यानुसार ‘जहाज’चे १६ आणि ‘आखिरत’चे १२०१ मिळून १२१७ हे हिजरी साल, म्हणजेच इ.स. १८०२, निघते. पाण्यावर उभ्या असलेल्या आणि दर्यावर्दी कोकणी मुसलमानांच्या वस्तीतल्या मशिदीला याहून समर्पक शब्द सापडले नसते.

पुढे १८१४ मध्ये पूर्वेच्या बाजूला नवा भाग जोडला गेला, आणि १८३७ मध्ये सधन कोकणी व्यापारी मोहम्मद अली रोगे यांनी वरचा मजला चढवला. त्या वाढीव मजल्याचे ओझेही अखेर तलावातल्या त्याच कमानींवर येते.