खिडकी बदलायच्या आधी भिंत बघा

मंडळी, शनिवारच्या कामाला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतःच्या घरी काही ना काही दुरुस्ती केलीय, त्यामुळे जुनी खिडकी काढली, नवी बसवली, झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण आपण जातोय मोबाईल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरात, आणि इथे मिशिगनमध्ये तिथली खिडकी चुकीची बसली ना तर हळूहळू भिंतच जाते.

मुळात भिंत किती पातळ असते ते बघा. १९७६ च्या जूनमध्ये अशा घरांच्या बांधणीचा फेडरल कोड, म्हणजे केंद्र सरकारचे नियम, लागू झाला, त्याच्या आधीच्या घरांमध्ये बहुतेकदा दोन बाय दोन किंवा दोन बाय तीन इंची लाकडी पट्ट्यांवर भिंत उभी असते, बाहेरून पत्रा आणि आतून पातळ पॅनल. मोठ्या दुकानातली साधी खिडकी जास्त जाड भिंतीसाठी बनवलेली असते आणि तिची कडेची पट्टी साइडिंगच्या, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या आवरणाच्या, खाली जाते. पत्र्याच्या जुन्या मोबाईल होमची खिडकी मात्र बाहेरून पत्र्यावर बसते, तिची कड पत्र्यावर टेकते आणि स्क्रू तिथूनच मारतात. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी साइडिंग कसलंय ते बघा, आणि माप जुन्या खिडकीच्या बाहेरच्या कडेचं नाही तर भिंतीतल्या भोकाचं घ्या, आधी रुंदी मग उंची, दोन-तीन ठिकाणी मोजून सगळ्यात कमी आकडा धरा.

आता पाणी. घरातले लोक सांगतात खिडकी गळते, तेव्हा आधी विचारा की कधी? पावसानंतर ओलं होतं, की थंड कोरड्या सकाळीसुद्धा? कोरड्या सकाळी पाणी दिसलं तर ते बहुतेक आतलंच, स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ थंड ॲल्युमिनियमवर आणि एकेरी काचेवर जमते, तिथे कितीही सीलंट भरा, काही फरक पडत नाही, एक्झॉस्ट फॅन चालतो का ते आधी बघायला पाहिजे. पावसानंतरचं पाणी असेल तर स्क्रूड्रायव्हरने खिडकीखालचं लाकूड टोचून बघा आणि खालच्या फ्लोअरवर पाय दाबून बघा, कारण जुन्या घरात फ्लोअर बऱ्याचदा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, असतं आणि ते पाण्याने फुगून भुसभुशीत होतं. लाकूड मऊ लागलं तर खिडकी थांबवा, आधी ते बदला. सडलेल्या लाकडात स्क्रू धरतच नाही, आणि ज्याने मोठ्या आशेने खिडकीचे पैसे जमवलेत त्याची आपण फसवणूक करू, हे मला अजिबात मान्य नाही.

बसवताना जुनी पुटी पूर्ण खरवडून काढायची, नव्या कडेच्या मागे चारही बाजूंनी ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) लावायची, पत्र्याला खाचा असतील तर तिथे दुहेरी. स्क्रू सगळे थोडेथोडे आवळायचे, एकच जोरात आवळला की पत्रा वाकतो आणि फट पडते. आणि खालच्या चौकटीतली पाणी जायची बारीक भोकं सीलंटने बुजवू नका, तसं केलं की पाणी आतच साठतं.

बेडरूमबद्दल मात्र मी हट्टी आहे. आग लागली तर हॉलमधून बाहेर जाता येईलच असं नाही. कोडप्रमाणे बाहेर पडायच्या खिडकीला ५ चौरस फूट मोकळी जागा हवी, रुंदी-उंची कुठलीच २२ इंचांपेक्षा कमी नको, खालची कड जमिनीपासून ३६ इंचांच्या आत आणि कडी ५४ इंचांच्या आत. हे आकडे खिडकी उघडल्यावर मिळणाऱ्या जागेचे आहेत, चौकटीचे नाहीत, आणि सरकत्या खिडकीची जेमतेम अर्धीच बाजू उघडते, हे लक्षात ठेवूनच खिडकी निवडा.

पैसे कमी असतील तर सगळ्या खिडक्या बदलायची गरजही नाही. चौकट चांगली असेल तर आतून स्टॉर्म पॅनल, म्हणजे खिडकीवर बसणारा जादा पारदर्शक पडदा, लावा, त्याने थंडी बरीच अडते. फक्त बेडरूममधलं पॅनल हाताने झटकन निघणारंच घ्या, स्क्रू मारून बसवलेलं नको.