हात खाली का गेला?

(पडद्यावर: एक हात बाजूला आडवा धरलेला, मनगटावर दुसऱ्याची दोन बोटं)

हा हात बघा. खांद्याच्या रेषेत सरळ धरलाय, समोरचा म्हणतो "घट्ट धरा" आणि मनगटावर दाबतो, हात जागचा हलत नाही. मग याच माणसाच्या दुसऱ्या हातात साखरेची पुडी देतात, परत घट्ट धरा, परत दाब, आणि हात चक्क खाली! बघणारे अरेच्चा करतात, पण सगळ्यात जास्त चक्रावतो तो ज्याचा हात गेला तो, कारण त्याने खरंच जोर लावला होता. झालं निदान. साखर तुम्हाला चालत नाही.

याला म्हणतात मसल टेस्टिंग, आणि ज्या थेरपीत हे चालतं ती अप्लाइड कायनेसिओलॉजी. नावात जरा घोळ आहे, नुसती कायनेसिओलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, फिजिओथेरपीच्या मुलांना तो विषयच असतो. आजची गोष्ट त्याची नाही.

आणि गंमत म्हणजे दाबून बघणं हा प्रकार मुळात एकदम अस्सल आहे. बॉस्टनचे हाडांचे डॉक्टर रॉबर्ट लव्हेट १९१० च्या दशकात पोलिओच्या मुलांचे स्नायू असेच एकेक करून तपासायचे, कुठला गेलाय, कुठल्यात थोडा जीव आहे, हे कळायला हातापलीकडे होतं काय त्या काळात. (१९२१ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टना पोलिओ झालाय हे सांगणारे तेच.) आजही तुमचा फिजिओ ० ते ५ अशी ग्रेड देतो, ० म्हणजे काहीच नाही, ३ म्हणजे हात स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला जातो पण वरून दाब आला की संपलं, ५ म्हणजे नॉर्मल. पण तिथे प्रश्न एवढाच असतो की हा स्नायू किती चालतोय. तुमच्या किडनीबद्दल कोणी त्याला काही विचारत नाही.

विचारायला सुरुवात झाली १९६४ ला, अमेरिकेत, डेट्रॉइटमध्ये. जॉर्ज गुडहार्ट नावाचे कायरोप्रॅक्टर (म्हणजे मणका आणि सांधे हाताने दाबून उपचार करणारे) होते, त्यांच्याकडे एक तरुण आला, खांद्याचं पातं पाठीतून बाहेर आलेलं. पातं बरगड्यांना धरून ठेवणारा स्नायू टेस्टमध्ये कमजोर निघाला, गुडहार्टनी तो जिथे चिकटतो तिथल्या गाठी बोटांनी दाबल्या, आणि ते सांगतात की तो तिथल्या तिथे ताकदवान झाला. इथपर्यंत समजू शकतो. पुढे मात्र एकेका स्नायूची एकेका अवयवाशी जोडी लागली, मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे छोटं आतडं, कमरेतला सोआस स्नायू म्हणजे किडनी, खांद्याचा डेल्टॉइड म्हणजे फुप्फुस, त्यात चिनी अॅक्युपंक्चरच्या मेरिडियन, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहते असं मानतात त्या रेषा, त्या पण आल्या. मग जीभेवर व्हिटॅमिन ठेवून टेस्ट, पोटावर तपासायच्या पदार्थाची काचेची बाटली ठेवून टेस्ट. बाळ लहान असेल आणि हात धरू शकत नसेल तर आईने बाळाला कुशीत घ्यायचं आणि टेस्ट आईच्या हाताची करायची, निदान बाळाचं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परत वर जाऊन वाचलं.

आता कॅलिफोर्नियातला एक किस्सा, रे हायमन या मानसशास्त्रज्ञांनी स्वतः लिहून ठेवलाय. कायरोप्रॅक्टरांची एक टीम डॉक्टरांसमोर डेमो द्यायला आली, म्हणे ग्लुकोज वाईट साखर, फ्रुक्टोज चांगली. जीभेवर ग्लुकोज टाकलं की बहुतेकांचा हात खाली, फ्रुक्टोज टाकलं की हात ताठ, सगळं ठरल्यासारखं. जेवणानंतर नर्सने साखरेच्या नळ्यांवर गुप्त नंबर टाकले आणि ती खोलीबाहेर गेली, म्हणजे आत असलेल्या एकालाही माहिती नाही कुठल्या नळीत काय आहे, यालाच डबल ब्लाइंड म्हणतात. त्याच जीभा, तेच हात, तीच साखर. आणि मेळच बसेना! तेव्हा टीमचे मुख्य कायरोप्रॅक्टर हायमनना म्हणाले की बघा, म्हणूनच आम्ही हल्ली डबल ब्लाइंड टेस्ट करत नाही, ती कधी चालतच नाही. हायमनना वाटलं मस्करी करतायत. नव्हते करत.

मग हात जातो कशाने? हॉस्टेलवर प्लँचेट केलंय कोणी? मेणबत्ती, उलटी वाटी, सगळ्यांची बोटं वर, आणि वाटी बरोबर त्या अक्षराकडे सरकते, प्रत्येकजण आईची शपथ घेऊन सांगतो मी नाही ढकललं, आणि खोटं कोणीच बोलत नसतं. विल्यम कार्पेंटरनी १८५२ ला याला आयडिओमोटर असं नाव दिलं, मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत हलतात. इथे तर दोघांच्या मनात अपेक्षा आहे, दाबणाऱ्याच्या पण आणि धरणाऱ्याच्या पण. शिवाय मनगटाऐवजी कोपराजवळ दाबलं तर तोच हात ताकदवान वाटतो, "धरा" म्हणायच्या आधीच दाबलं तर कमजोर, हा नुसता तरफेचा आणि वेळेचा हिशोब आहे. म्हणून मला हे लोक भामटे वाटत नाहीत, त्यातल्या बऱ्याच जणांचा स्वतःच्या बोटांवर मनापासून विश्वास असतो, तेच तर अवघड आहे.

१९८८ मध्ये ३ अनुभवी थेरपिस्टनी ११ जणांची झिंक, थायमिन, व्हिटॅमिन ए आणि सी साठी टेस्ट केली, उत्तरं लॅबशी जुळली नाहीत आणि एकमेकांशी पण नाहीत. २००१ मध्ये गांधीलमाशीच्या विषाची अॅलर्जी ओळखायला लावली, तिथेही निकाल छापा-काट्यासारखाच. हे विष जरा गंभीर आहे हां, ज्याला खरंच अॅलर्जी आहे त्याला "तुम्ही ठीक आहात" सांगितलं तर पुढची गांधीलमाशी जीवावर बेतू शकते. ब्रिटनमध्ये नाइस ही डॉक्टरांना उपचारांचं मार्गदर्शन करणारी संस्था मुलांच्या फूड अॅलर्जीसाठी ही टेस्ट वापरू नका असं सरळ लिहिते.

घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. कागदाच्या एकसारख्या १० पुड्या, काहींत साखर, काहींत मीठ, चिकटवून टाका, नंबर घाला, आणि हात दाबून कुठल्या पुडीत साखर आहे ते ओळखा. १० पैकी ५ तर नुसत्या अंदाजाने पण बरोबर येतात, ९ किंवा १० आले तर मात्र मला सांगा, कारण नशिबाने तसं व्हायची शक्यता १०२४ मध्ये फक्त ११. फक्त एक करा, ज्याने पुड्या भरल्यात त्याला चहा करायला आत पाठवा.