भेग आहे म्हणून टिकतंय

फलकावर विषय लिहिलाय, ‘हार्डफेसिंगसाठी योग्य रॉडची निवड’. म्हणजे झिजणाऱ्या भागावर वेल्डिंगने कडक थर चढवायला कोणता रॉड घ्यायचा. पंचेचाळीस मिनिटं दिलीत. संयोजकांना आधीच सांगून ठेवलंय, तिसाव्या मिनिटाला चिठ्ठी पाठवा. मला इथून घड्याळ दिसत नाही आणि दिसलं तरी मी बघत नाही.

साखर कारखान्यातले किती जण आहेत? वर करा हात. अर्ध्याहून जास्त. मग रोलर, हॅमर, फायब्रायझर समजावत बसत नाही. फाउंड्रीवाल्यांनी आणि आयटीआयच्या मुलांनी शेजारच्याला विचारून घ्यावं. आता दुसरा प्रश्न. जात्याला टाकी लावताना कोणी पाहिलंय? हां, हे सगळे पांढऱ्या केसांचे हात आहेत.

तरुणांसाठी सांगतो. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की धान्य आत नुसतं सरकतं, पीठ पडत नाही. मग दारावर टाकी लावणारे यायचे, छिन्नीने बारीक टोचे मारून दगड खरबरीत करून द्यायचे. रोलर आर्किंग म्हणजे दुसरं काही नाही, छिन्नीच्या जागी वेल्डिंगचा होल्डर आला इतकंच. ऊस पिळणारा कास्ट आयर्नचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतोय, वरून रस गळतोय, आणि वेल्डर दातांच्या दोन्ही अंगांवर रॉडचे दाणे उठवतोय. पुस्तक म्हणतं, ओल्यावर वेल्डिंग करू नये, कास्ट आयर्न तापवल्याशिवाय तर मुळीच करू नये. पुस्तक लिहिणाऱ्याने एक दिवस गाळप बंद ठेवून बघावं, चेअरमनचा फोन किती वाजता येतो ते. दाणे झिजले की मिल ऊस ओढत नाही, घसरते. बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात, रस राहतो आणि लॅबवाला पोलचा, म्हणजे त्यात राहिलेल्या साखरेचा, आकडा घेऊन दारात उभा. त्यात रस आंबट, पीएच पाच-साडेपाच. वाळू घासते आणि आंबट रस खातो, दोन्ही एकदमच.

हे झालं प्रास्ताविक. आता मी ज्यासाठी आलोय ते.

मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. डिप्लोमा ताजा, बुटांना पॉलिश. कारखान्याचं नाव सांगत नाही, तो अजून चालू आहे. ऑफ सीझनमध्ये ऊस कुटणाऱ्या श्रेडरच्या हॅमरचं काम निघालं. हॅमरची टोकं क्रोमियम कार्बाइडच्या रॉडने भरायची होती. भरणारा जुना वेल्डर, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांनी दोन सेट भरले, एक चालवायला आणि एक राखीव. मी गेलो तपासायला. हातात डीपीचे, म्हणजे भेग शोधायच्या रंगाचे, डबे. लाल फवारलं, पुसलं, पांढरं फवारलं. बघतो तर प्रत्येक बीडवर, म्हणजे वेल्डिंगच्या पट्टीवर, आडव्या लाल रेघा! बोटभर अंतरावर एक, जशी फूटपट्टीच आखलीय. मी तिथल्या तिथे खडूने फुल्या मारल्या. सगळे रिजेक्ट.

मामांनी विडी विझवली आणि म्हणाले, “सायेब, ती भेग हाय म्हणून ते टिकतंय.”

आता विचार करा, बावीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या बॅगेत वेल्डिंगचं पुस्तक आहे, हे पटेल का? मी म्हटलं, मामा, भेग म्हणजे दोष. पहिला सेट ग्राइंड करायला लावला. स्टोअरमधून दुसरा रॉड काढला, त्याच्यावर लिहिलेलं ‘भेगरहित, मशिनिंग करता येईल’. अहो, जो थर लेथवर कापता येतो तो वाळूला कसा कापता येणार नाही? पण तेव्हा सुचलं नाही. नवीन थर इतका देखणा बसला की मी त्याचा फोटो काढला. राखीव सेट तपासायचा राहून गेला, कारण माझे डीपीचे डबे संपले.

मोळी टाकली, हंगाम सुरू झाला. बाराव्या दिवशी फायबर जाड यायला लागलं. श्रेडर उघडला तर हॅमर कसे? लाडू. कडा म्हणून नाहीच. नाइलाजाने राखीव सेट चढवला, तोच, भेगांचा. तो संक्रांतीनंतर उतरवला, आणि तेव्हाही टोकं ओळखू येत होती. मधे एकदा मोळीतून कोयता आला होता, अख्खा. एका हॅमरचा टवका उडाला, बाकीच्यांना ढिम्म काही झालं नाही. कोयता मात्र सापडला नाही. साखरेत गेला असेल.

मामा एक शब्द बोलले नाहीत. फक्त पुढच्या हंगामात मी समोरून आलो की खिशातून खडू काढून मला द्यायचे.

का टिकलं ते ऐका. त्या थरात कार्बन चार-पाच टक्के, क्रोमियम पंचवीस-तीस टक्के. वितळलेला थर थंड होताना आकसतो, पण खालचं लोखंड त्याला आकसू देत नाही. मऊ धातू असता तर ताणला गेला असता. हा ताणला जात नाही, मग तडकतो. वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात तसंच. तडकला म्हणजे आतला ताण निघून गेला. तडकलाच नसता तर तो ताण आत साठून राहिला असता, आणि पहिल्या दणक्याला पोपडा उडाला असता. भेग बीडला आडवी असेल आणि थरातच थांबत असेल, तर खुशाल जाऊ द्या. बीडच्या लांबीने उभी गेली, किंवा थर आणि खालच्या बेस मेटलच्या सांध्यात शिरली, तर मात्र थांबा.

हे सगळीकडे लागू नाही हां! व्हॉल्व्हच्या सीटवर स्टेलाइट, म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू, भरताना एक भेग चालत नाही, तिथून वाफ गळेल. तिथे तापवायचं, राखेत झाकून हळू थंड करायचं. स्टेलाइट हे नाव लॅटिनमधल्या ताऱ्यावरून आलं. अमेरिकेत एलवुड हेन्स नावाच्या माणसाने १९०७ मध्ये त्या धातूचं पेटंट घेतलं, चमक जात नाही म्हणून तारा. हेच गृहस्थ त्याआधी, १८९४ मध्ये, मोटार चालवून बसले होते. असो.

आली चिठ्ठी. “पंधरा मिनिटे.” बरं, निवड.

विक्रेता येतो आणि सांगतो, सर, साठ एचआरसी. त्याला विचारा, कशाचे साठ? एचआरसी म्हणजे रॉकवेलच्या मापाने कडकपणा, आणि ते मोजणारा हिरा कार्बाइडचा दाणा आणि भोवतीचं मऊ लोखंड यांची सरासरी मोजतो. साठ एचआरसीचं साधं कडक पोलाद विकर्स या कडकपणाच्या दुसऱ्या मापावर सातशेच्या घरात. वाळूतलं क्वार्ट्ज हजार-अकराशे. क्रोमियम कार्बाइडचा दाणा पंधराशेच्या वर. म्हणजे आकडा तोच, पण एकाला वाळू खाते, दुसऱ्याला खात नाही. आणि खरेदी विभाग किलोचा भाव बघतो! हॅमर किती टन ऊस चालला ते कोणी विचारत नाही.

आधी झीज ओळखा. नुसती घासण असेल तर कार्बाइड. जबर दणका असेल, म्हणजे दगडाच्या क्रशरचा जबडा किंवा रेल्वेचं क्रॉसिंग, तर मँगनीज स्टील. हे रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये शोधलं, मार खाईल तसं वरून कडक होतं. ओळखायचं कसं? खिशात चुंबक ठेवा. चिकटला नाही तर ते मँगनीज किंवा स्टेनलेस असेल, आणि क्रशरच्या जबड्यात स्टेनलेस कोणी घालत नाही. मँगनीज स्टीलला तापवायचं नाही. उलट वेल्डिंग करताना अडीचशे अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर काचेसारखं ठिसूळ होतं. इथे चांगल्या सवयीचा वेल्डर हमखास चुकतो, प्रेमाने टॉर्च मारतो.

पहिल्या थरात बेस मेटल मिसळतं, हाताच्या रॉडने वीस-तीस टक्के सहज. म्हणून डब्यावरचा आकडा दुसऱ्या थरात मिळतो. कार्बाइडचा चौथा थर देऊ नका, पोपडा येईल. खालचं लोखंड संशयास्पद असेल तर मधे स्टेनलेसचा बफर थर.

रोलरवर आर्किंग करताना अर्थिंग त्या रोलरच्याच शाफ्टवर, ब्रश लावून. मिलच्या सांगाड्याला पकडलंत तर करंट बेअरिंगमधून जाईल. धूर बाजूला ओढणारा पंखा हवाच, मास्क हवा. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक म्हणून २०१७ मध्ये जागतिक पातळीवर वर्गीकृत झालाय, आणि आपल्या रॉडमध्ये तर क्रोमियम ठासून भरलेलं.

थर चढवायच्या पीटीए (प्लाझ्मा) आणि लेझर या पद्धती राहिल्या. ज्यांना हवंय त्यांनी चहाला मला गाठा. टेबलावर हॅमरचे दोन तुकडे ठेवलेत, भेगांचा आणि देखणा. हातात घेऊन बघा, मागच्या ओळीपर्यंत जाऊ द्या, पण परत आणा. मागच्या खेपेला भेगांचा तुकडा कोणीतरी नेला, देखणा तसाच ठेवून.