डोळ्याचं ऑपरेशन, तेही नाकातनं

नमस्कार मंडळी. तुमच्या घरात कुणाचा तरी एक डोळा सारखा गळत असेल, म्हणजे रडायचं काही कारण नाही तरी टीव्ही बघताना, जेवताना पाणी, आणि गाडीवरनं तासगावला निघालं की विचारूच नका, पदर नाहीतर रुमाल सतत डोळ्याला. घरचे म्हणतात उष्णता झालीय, सब्जा प्या. हळदीचा हंगाम असला की दोष मार्केट यार्डातल्या धुळीला. धुळीनं पाणी येतं हो, पण ते सहसा दोन्ही डोळ्यांना येतं आणि धुळीतनं बाहेर पडलं की थांबतं. एकाच डोळ्याला महिनोन्महिने येत असेल तर नळी तुंबलीय का बघायला हवं.

पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात वर-खाली एकेक बारीक भोक असतं. त्यातनं पाणी एका छोट्या पिशवीत जातं आणि तिथनं हाडातल्या नळीतनं नाकात उतरतं, म्हणून तर ड्रॉप टाकला की घशाशी कडू लागतं. चाळिशी-पन्नाशीनंतर, आणि बायकांमध्ये जास्त, ही नळी सुजून आकसते. पाणी पिशवीत साचतं, पू होतो, कोपरा दाबला की चिकट घाण वर येते. जुनी माणसं ह्याला नासूर म्हणतात.

तपासणी साधी. भोकातनं बोथट सुईनं सलाइन सोडायचं, घशात खारट लागलं तर रस्ता मोकळा, उलटं डोळ्यात आलं तर बंद. मोतीबिंदूच्या आधीही हे बघतात, कारण पिशवीत पू असताना लेन्स बसवली तर जंतू डोळ्याच्या आत जाऊ शकतात, तेव्हा तिथं अडवलं म्हणून डॉक्टरवर चिडू नका.

मोठ्या माणसाची पूर्ण बंद झालेली नळी ड्रॉपनं उघडत नाही, स्पष्टच सांगतो. ऑपरेशन लागतं, त्याला डीसीआर म्हणतात. इटलीतल्या टोटी नावाच्या डॉक्टरनं 1904 मध्ये ते बाहेरनं, कातडी कापून करायची पद्धत सांगितली, आजही ती चांगली चालते, नावं ठेवायचं कारण नाही. पण दुर्बीण आल्यापासनं तेच काम नाकातनं होतं. पाट बुजला की शेजारनं नवा चर काढतात ना, तसं. नाकाच्या आतल्या बाजूचं थोडं हाड काढायचं, मागची पिशवी उघडून थेट नाकात सोडायची. चेहऱ्यावर व्रण नाही, आणि नाकाचा पडदा वाकडा असून आड येत असला तर तोही त्याच बैठकीत सरळ करता येतो.

नंतर काही दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. कधीकधी सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात, कोपऱ्यात दिसते म्हणून ओढायची नाही, ती डॉक्टरच नंतर काढतात. दहातल्या साधारण नऊ जणांचं पाणी थांबतं, एखाद्याचं नवं भोक परत बुजतं, मग पुन्हा मोकळं करावं लागतं.

कोपरा एकदम लाल होऊन ठणकायला लागला तर चुना-हळद लावत बसू नका आणि फोडू तर नकाच, त्याच दिवशी दाखवा, आधी अँटिबायोटिकनं सूज उतरवतात, ऑपरेशनचं मग. जत-आटपाडीकडनं मिरजेला येणाऱ्यांनी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, खासकरून रक्त पातळ करायच्या, आणि त्या आपल्या मनानं बंद करून येऊ नका.