गिलाव्याआडचा चिरा

[पहाट. गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं एक जुनं घर. स्वयंपाकघराच्या छपरातून उजेडाची तिरीप.]

या स्वयंपाकघरात घड्याळ नाही. छपरावरच्या मंगळुरी कौलांत मधोमध एकच काचेचं कौल बसवलंय. सकाळी त्यातून उतरलेली तिरीप मडक्यांच्या फळीवर पडते, दुपारी रगड्यावर येते, आणि उंबऱ्याकडे सरकली की घरच्या काकी चहाचं आधण ठेवतात.

घर दुरुस्तीला निघालंय. मुंबईहून परतलेल्या धाकट्या मुलाला दोन खोल्या पाहुण्यांसाठी तयार करायच्या आहेत. त्याने फोनमध्ये फोटो जमवलेत: जांभ्या दगडाच्या उघड्या चिऱ्यांच्या भिंती, त्यांवर पिवळे दिवे. गिलावा खरवडून काढू, म्हणतो, खरा गोवा दिसू दे.

गवंड्याने ऐकून घेतलं. मग वसरीत, म्हणजे ओसरीवर, जिथे गिलावा सुटला होता, तिथे तांब्याभर पाणी मारलं.

[जवळून: चिऱ्यात जिरणारं पाणी.]

निम्मं पाणी खाली पोचलंच नाही.

जांभा असाच. खाणीत मऊ, म्हणून चिरे पाडता येतात. वारा लागला की कडक होतो. पण अंगभर भोकं. आणि गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उघडा चिरा कुंपणाला चालतो, विहिरीला चालतो. राहत्या घराला जुन्या लोकांनी चुन्याचा गिलावा चढवला, वर छपराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढ्या वळचणी काढल्या.

हल्ली घरसजावटीच्या गप्पांत ‘प्रामाणिक साहित्य’ हा शब्द फार ऐकू येतो. दगड दिसला म्हणजे प्रामाणिक. जणू अंगात सदरा घातलेला माणूस खोटारडाच!

पणजीच्या कला अकादमीत जाऊन बघा. इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची. आत प्रेक्षागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी सज्जे रंगवलेत आणि त्यांत माणसं बसवलीत. सज्जे खोटे, माणसं खोटी. फसवलं गेल्यासारखं मात्र वाटत नाही, उलट नाटक सुरू होण्याआधीच मजा येते.

खोटेपणा बघायचा तर याच घरात आहे, देवखोलीच्या मागे. मागच्या दुरुस्तीत तिथे सिमेंटचा गिलावा केला आणि त्यावर चुन्यासारखा दिसणारा पांढरा रंग दिला. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडत राहते. सिमेंटने ती कोंडली. आता रंगाचे पोपडे सुटतात, मागे मिठासारखी पांढरी भुकटी. काकी दर गुरुवारी ती झाडून काढतात.

[देवखोलीच्या दारावरचा पट्टा. पांढऱ्यावर तांबडी वेल.]

दारावर मात्र जुनं काम शिल्लक आहे. ही काव, भिंतीवर कोरलेली नक्षी. शिंपले भाजून केलेला चुना, नदीची वाळू आणि गूळ यांचं मिश्रण मुरवायचं, कुटायचं, भिंतीवर चढवायचं. त्यावर काव, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा पातळ थर. तो ओला असतानाच लोखंडी टोकाने नक्षी कोरायची, म्हणजे तांबडं निघतं आणि खालचा पांढरा चुना दिसतो. इथे ब्रश नाही, आणि चुकलं तर पुसायची सोयही नाही. मोरजीच्या मोरजाई मंदिरात हे काम बघायला मिळतं. या दारावरच्या वेलीचं एक पान दुसऱ्यापेक्षा मोठं झालंय. हात सरकला असावा. मला पूर्ण पट्ट्यात तेवढंच पान आवडतं.

[खिडकी. बाहेर रणरणतं ऊन, आत दुधाळ उजेड.]

आणि ही खिडकी. या काचा नव्हेत, शिंपले आहेत. प्लाकुना प्लासेंटा नावाच्या कालवाचे, चपटे, अर्धपारदर्शक. कडा कापून चौकोन करायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकेक सरकवायचा. बाहेर दुपारचं ऊन डोळ्यांत खुपत असतं, आत मात्र सावलीला धार नसते. रंग ओळखू येतात, पुस्तक वाचता येतं, आणि बाहेरून आतलं कुणी दिसत नाही.

हे कालव चिखलीच्या खाडीत आजही आहे, पण ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. त्यामुळे फुटलेल्या शिंपल्याच्या जागी नवा आणायचा नाही. मेस्त, म्हणजे सुतार, मोडलेल्या घरांच्या खिडक्या शोधत फिरतो. या खिडकीला अकरा शिंपले कमी पडत होते, सात मिळाले. उरलेल्या चार खाचांत मुलाने साधी काच घालायला सांगितली. शिंपल्यासारखं दिसणारं प्लास्टिक नको म्हणाला. ते काकींना पटलं.

जमीन तांबडीच ठेवायची ठरलीय. छपराचे वासे फक्त पुसून घेतलेत.

उघड्या चिऱ्याचं काय झालं? वसरीत, खोल वळचणीखाली, जिथे पावसाचा शिंतोडा येत नाही, तिथे हातभर रुंदीची एक पट्टी उघडी राहणार आहे. गवंडी तेवढ्यावर राजी झाला.

[मागचं अंगण. खड्डा, वर ओलं गोणपाट.]

मिरगाला अजून वीस दिवस आहेत. देवखोलीमागचं सिमेंट फोडून झालंय, भिंत उघडी वाळते आहे. खड्ड्यात चुना भिजतोय. काकी येता-जाता गोणपाटावर तांब्याभर पाणी टाकतात.