बिळातला प्लेग

पडद्यावर दिसणारा हा लांब शेपटीचा, पांढऱ्या पोटाचा प्राणी म्हणजे जरबिल जातीचा रानउंदीर. माळरानात आणि शेताच्या बांधालगत तो बिळे करून राहतो व रात्री चरायला बाहेर पडतो. प्लेगचा जिवाणू, यर्सिनिया पेस्टिस, भारतात टिकून राहतो तो या रानउंदरांमध्ये, कारण त्यांच्यातील पुष्कळसे उंदीर संसर्ग होऊनही मरत नाहीत. आपल्या घरातला काळा उंदीर मात्र या जिवाणूपुढे टिकत नाही, आणि माणसावरील संकटाची सुरुवात तिथून होते.

या दोघांना जोडणारा दुवा आहे पिसू. आजारी उंदराचे रक्त प्यालेल्या पिसवेच्या जठराच्या तोंडाशी हे जिवाणू वाढतात आणि चिकट गोळा होऊन वाट अडवतात. रक्त पोटात उतरत नाही, भूक शमत नाही, म्हणून ती पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्यासरशी अडलेले रक्त जिवाणूंसह नव्या शरीरात ओकते. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधू लागतात. म्हणूनच साथीच्या काळात पिसवांचा नायनाट आधी करावा लागतो आणि उंदरांचा नंतर. हा क्रम चुकला तर बेघर झालेल्या पिसवा माणसांकडे वळतात.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. काखेत व जांघेत गाठ येऊन तीव्र ताप चढणाऱ्या या रोगाला त्या काळच्या मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे लोकांना पिसवेचे विज्ञान ठाऊक होण्याआधीच उमगले होते, आणि त्यांच्या या निरीक्षणाचे मोल फार मोठे आहे. पिसवेचा संबंध 1898 मध्ये फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवला, पण तो बरीच वर्षे मानला गेला नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेशी जोडलेल्या संशोधकांनी रोगट घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. पिसवांना उडी मारून पोहोचता येणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले प्राणी वाचले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

1966 नंतर भारतात माणसांमधील प्लेगची नोंद नव्हती. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ गाठीचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोकांनी जुनी घरे सोडली, तेथील धान्यावर उंदीर वाढले आणि रानातला संसर्ग त्यांच्यापर्यंत पोहोचला, असे एक स्पष्टीकरण तेव्हा मांडले गेले.

फेब्रुवारी 2002 मध्ये हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात एका शिकाऱ्याने रानमांजर मारून सोलले. तो आजारी पडला, आणि त्याच्यापासून सुरू झालेल्या फुप्फुसाच्या, म्हणजे खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाला होणाऱ्या, प्लेगमध्ये 16 जणांना लागण होऊन 4 जण दगावले. स्ट्रेप्टोमायसिनसारखे औषध वेळीच मिळाल्यास हा रोग बरा होतो. रानात मात्र तो नाहीसा झालेला नाही, त्यामुळे उंदीर पकडून, त्यांच्या अंगावरच्या पिसवा विंचरून काढून आणि त्यांचे रक्त तपासून ठेवण्याचे काम आजही चालू आहे.